टीव्हीच्या शेजारी कोण बसणार?

(विहाराच्या वर्धापन दिनी पालकांच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



विहाराच्या अभ्यासिकेत एक मोठा टीव्ही संच घ्यावा आणि त्यावर मुलांना शैक्षणिक कार्यक्रम दाखवावेत, असा प्रस्ताव समितीपुढे आला आहे. त्यावर पालकांचं म्हणणं काय, ते आजच्या दिवशी सर्वांसमोर मांडा, असं समितीने आम्हाला सांगितलं. म्हणून आम्ही इथं उभे आहोत. माइकपुढे एकच जण असला तरी बोलणं एकट्याचं नाही. रविवारच्या बालवर्गाला मुलं पाठवणारे आम्ही पालक तीन वेळा एकत्र बसलो, आमच्यात वादही झाले, आणि त्यातून जे हाती लागलं ते आपल्यापुढे ठेवतो आहोत.

काहींच्या मनात येईल, वर्धापन दिनाला टीव्हीचा कसला विषय काढला? पण जरा आपापल्या घरात डोकावून बघा. बाप एमआयडीसीत पाळीवर गेलेला, आई कांद्याच्या खुरपणीला नाहीतर चार घरच्या धुण्याभांड्याला. संध्याकाळी दोघंही दमून घरी येतात. मग दिवसभरात पोराशी सगळ्यात जास्त कोण बोलतं? भिंतीवरचा टीव्ही आणि हातातला मोबाईल. जो आपल्या लेकराशी रोज दोन-दोन तास बोलतो, तो नेमकं काय बोलतो हे तपासायला नको का? घरात पाहुणा आला तरी आपण विचारतो, कुठले, कोण, काय करता. ह्या पाहुण्याला मात्र आपण एका शब्दानं विचारत नाही.

आधी थोडा इतिहास सांगणं जरूर आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात आपल्या देशात ‘साइट’ नावाचा एक मोठा प्रयोग झाला. अमेरिकेचा उपग्रह वर्षभरासाठी वापरायला घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही संच पोचवण्यात आले. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी कार्यक्रम आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी शेती, आरोग्य वगैरे. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण ज्या गावात चांगला शिक्षक पोचत नाही तिथं चांगला धडा तरी पोचावा, हा विचार त्या काळात देशभर रुजला. पुढं इन्सॅट उपग्रहाचे दिवस आले आणि १९८४ साली पुण्यात ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली.

आज तिशी-चाळिशीत असलेल्या पालकांना हे नाव सांगावं लागणार नाही. मराठी शाळेतल्या मुलांसाठी, मराठीत, सरकारी खर्चाने तयार झालेले कार्यक्रम दूरदर्शनवर लागायचे. चित्र खरखरायचं, कुणीतरी पत्र्यावर चढून अँटेना फिरवायचं आणि खालून पोरं ओरडायची, “आलं, आलं, राहू द्या!” त्यात भपका नव्हता. पण एक गोष्ट मोलाची होती. त्या कार्यक्रमांना आपल्या मुलांना काही विकायचं नव्हतं. पुढं निधीचा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळत राहिला, कर्मचाऱ्यांचे पगार थकले, आणि २०१७ साली बालचित्रवाणी बंद झाली. एखादी शाळा बंद पडली तर गाव तहसीलवर मोर्चा नेतं. ही शाळा बंद पडली तेव्हा फारसं कुणी हललं नाही, कारण तिला भिंती नव्हत्या.

तिची उणीव किती आहे ते तीनच वर्षांनी कळलं. मार्च २०२० मध्ये करोनाने शाळा बंद पडल्या. शिक्षण ‘ऑनलाइन’ झालं म्हणे! ज्या घरात एकच स्मार्टफोन, आणि तोही बापाच्या खिशात कामावर जाणारा, त्या घरातल्या तीन पोरांनी काय करायचं? अशा वेळी २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने ती तयार केली होती. पहिली ते आठवी, प्रत्येक इयत्तेचे ६० असे एकूण ४८० भाग, बालभारतीच्या पुस्तकांवर आधारलेले. रिचार्ज लागत नव्हता, ॲप लागत नव्हतं. ज्यांच्या घरी साधा टीव्ही होता त्यांची पोरं त्या दिवसांत पुस्तकाला धरून राहू शकली. तरीही आपल्याच जिल्ह्यातल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची जी बिऱ्हाडं ऊसतोडीला जातात, त्यांच्या फडावरच्या कोपीत टीव्ही कुठला? म्हणजे टीव्ही हीसुद्धा सगळ्यांच्या हाताला लागणारी वस्तू नव्हती, हे विसरून चालणार नाही.

हे सगळं सांगण्याचं कारण असं की, “टीव्ही वाईट, बंद करा तो डबा,” असं सरसकट बोलणं आम्हा पालकांना पटत नाही. ज्यांच्या घरी पुस्तकांचं कपाट आहे, शिकवणीला पैसे आहेत, इंग्रजी वाचणारा आजोबा आहे, त्यांना तसं म्हणणं परवडतं. आपल्यातल्या कितीतरी घरांत शाळेची पायरी चढणारी ही पहिली किंवा दुसरीच पिढी आहे. समुद्र कसा असतो, हृदय कसं चालतं, ग्रहण कशामुळं लागतं, हे डोळ्यांनी दाखवणारं साधन आपण झिडकारून टाकलं तर नुकसान आपलंच आहे. ग्रहणाचं चित्र एकदा नीट बघितलेलं पोर पुढं ग्रहणात पाणी ओतून टाकणार नाही. तेवढ्यासाठी तरी टीव्हीचे आभार मानले पाहिजेत.

पण ‘शैक्षणिक’ अशी पाटी लावली म्हणजे आतलं सगळं चांगलंच असेल, असंही नाही. बाटलीवर औषध लिहिलं असलं तरी आपण वास घेऊनच पाजतो ना?

‘शक्तिमान’ आठवतो का? १९९७ साली दूरदर्शनवर सुरू झालेली मालिका. प्रत्येक भागाच्या शेवटी मुलांना चार चांगल्या गोष्टी सांगितल्या जायच्या. खोटं बोलू नये, स्वच्छता पाळावी वगैरे. हेतू चांगला होता. पण पोरं काय शिकली? गोल गोल फिरायला शिकली! काही मुलांनी त्याची नक्कल करताना जीव धोक्यात घातल्याच्या बातम्या आल्या, आणि शेवटी मालिकेतूनच मुलांना सांगावं लागलं की असं करू नका. यातून आपण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शेवटी दोन मिनिटं जे तोंडानं सांगितलं जातं, त्यापेक्षा आधी वीस-पंचवीस मिनिटं जे करून दाखवलं जातं तेच मुलाच्या डोक्यात बसतं. घरातही तेच आहे. बापानं विडी ओढत ओढत व्यसनमुक्तीवर सांगितलं तर पोरगं विडी बघतं, उपदेश ऐकत नाही.

दुसरी गोष्ट जाहिरातींची. दुधात टाकायच्या पावडरीनं उंची वाढते, अमुक बिस्कीट खाल्लं की परीक्षेत पहिला नंबर येतो, हे कार्टूनच्या मध्येच येतं. सहा-सात वर्षांच्या लेकराला कार्यक्रम कुठं संपला आणि दुकान कुठं सुरू झालं हे समजत नाही. स्वीडन देशाने १९९१ पासून १२ वर्षांखालच्या मुलांना उद्देशून टीव्हीवर जाहिरात करायला बंदी घातली. आपल्याकडे जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींसाठी वेगळे नियम आहेत. नियम आहेत ही चांगली गोष्ट. पण किराणा दुकानात पोर हात-पाय आपटतं तेव्हा नियम कामाला येत नाही, आईच्या कमरेची पिशवी रिकामी होते. तिथं आईला शब्द हवे असतात. “बाळा, ती बाई आपल्याला ओळखत नाही, तिला पावडर विकायचे पैसे मिळतात,” एवढं एक वाक्य पोराला वेळेवर सांगितलं की त्याचा निम्मा हट्ट उतरतो, असा आमच्यातल्या दोघी-तिघींचा अनुभव आहे.

आता तिसरी गोष्ट, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची. कार्यक्रमात काय शिकवतात याच्याइतकंच, पडद्यावर कोण दिसतं हेही बघायला पाहिजे.

याबद्दल परदेशातली एक हकिकत सांगण्याजोगी आहे. अमेरिकेत १० नोव्हेंबर १९६९ रोजी ‘सेसमी स्ट्रीट’ हा लहान मुलांचा कार्यक्रम सुरू झाला. गरिबांच्या मुलांना शाळेत जाण्याआधी अक्षरं-आकडे यावेत, ही त्यामागची मुख्य कल्पना होती. एक गल्ली, त्यात काळे-गोरे शेजारी, त्यांची मुलं आणि रंगीबेरंगी बाहुल्या. एक-दोन-तीन आणि ए-बी-सी, यात कुणाचं काय बिघडणार होतं? पण मे १९७० मध्ये मिसिसिपी राज्याच्या शैक्षणिक टीव्ही मंडळाने हा कार्यक्रम दाखवायचा नाही असं ठरवलं. कारण काय, तर त्यात काळी आणि गोरी माणसं एकत्र, बरोबरीनं राहताना दिसत होती. ही बातमी देशभर छापून आली, टीका झाली, आणि काही आठवड्यांतच मंडळाला निर्णय फिरवावा लागला. बघा, ज्यांना समता नको होती त्यांना बरोबर कळलं होतं की खरा धडा कुठला आहे. बाराखडीच्या मागे उभे असलेले शेजारी, हाच तो धडा होता. विरोधकांना जे एका नजरेत दिसलं ते आपल्याला का दिसू नये?

याच कार्यक्रमाचा भारतीय अवतार २००६ साली हिंदीत आला, ‘गली गली सिम सिम’. त्यात चमकी नावाची शाळेच्या गणवेशातली मुलगी पुढं होती. प्रश्न विचारणारी, धीट. ती बघून किती मुली शाळेत गेल्या याचा हिशोब आमच्याजवळ नाही. पण गणवेशातली मुलगी कार्यक्रमाच्या मधोमध उभी आहे आणि तिला कुणी गप्प बस म्हणत नाही, हे दृश्यच आपल्या घरातल्या मुलीला काहीतरी सांगून जातं.

आता आपल्या नेहमीच्या कार्यक्रमांकडे आणि मालिकांकडे याच नजरेने बघा. हुशार मुलगा बहुतेक बंगल्यात राहतो. त्याची आई पुस्तकातल्यासारखं बोलते. ‘व्हय’, ‘न्हाई’, ‘कुठं चाललास रं’ असं बोलणारं माणूस आलं की समजायचं, हा गडी, ही मोलकरीण, नाहीतर आता हसायची वेळ झाली. पोर रोज हे बघतं आणि एक दिवस आजीला म्हणतं, “आजी, तू गावठी बोलतेस.” हा धडा त्याला कुणी शिकवला? कुठल्याही शैक्षणिक कार्यक्रमाच्या यादीत तो नाही, पण तो पाठ झाला. आमच्या बालवर्गातल्या एका मुलीने तर विचारलं, “आपल्या घरातला फोटो टीव्हीतल्या कुठल्याच घरात का नसतो?” भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब असलेलं घर तिला पडद्यावर कधी दिसलं नव्हतं. आमच्यातल्या एकालाही तिला चटकन उत्तर देता आलं नाही. मात्र आठ वर्षांच्या पोरीला हे दिसतं, याचा आम्हाला अभिमान वाटला.

टीव्हीने काही चांगलं दाखवलंच नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. आपल्या नगरचीच गोष्ट घ्या. इथल्या भुईकोट किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरू कैदेत होते, आणि तिथंच १९४४ साली त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. त्यावरून श्याम बेनेगलांनी १९८८ साली ५३ भागांची ‘भारत एक खोज’ ही मालिका दूरदर्शनसाठी केली. त्यात सम्राट अशोक होता, आणि महात्मा फुलेही होते. फुल्यांचं काम केलं होतं नगरच्याच सदाशिव अमरापूरकरांनी. सिनेमात ज्यांना बघून पोरं घाबरायची, तेच इथं जोतिराव होऊन उभे राहिले. आणि ज्या जोतिरावांनी नगरला मिस फरार यांची मुलींची शाळा बघितली आणि मग १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, ज्या सावित्रीबाईंनी शिकवण्याचं शिक्षण त्याच फरारबाईंच्या नगरच्या संस्थेत घेतलं, त्यांची ही कथा. एवढे धागे आपल्या गावात येऊन मिळतात. पण पोराला हे टीव्ही सांगत नाही. किल्ल्याच्या तटाकडे बोट दाखवून, “ते पुस्तक इथं लिहिलं, आणि सावित्रीमाई ह्याच गावात शिकवायला शिकल्या,” असं सांगणारं माणूस शेजारी असलं तरच ती मालिका त्या पोराची होते. नाहीतर ती सातासमुद्रापलीकडची गोष्ट राहते.

आता ज्या विषयावर आमचा सगळ्यात मोठा वाद झाला तो सांगतो. मे २०१९ मध्ये स्टार प्रवाहवर ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा’ ही मालिका सुरू झाली. त्याच वर्षी डिसेंबरात हिंदीत ‘एक महानायक’ आली, तिच्यात बालपणाचा भाग बराच मोठा होता. आपल्या वस्तीत त्या वेळी घराघरांत हे लागायचं. छोट्या भीमाचा अपमान होतो, त्याला पाणी मिळत नाही, वर्गात बाजूला बसवतात. मोठ्यांच्या डोळ्यांना पाणी यायचं. पण शेजारी सहा वर्षांचं पोर बसलेलं असायचं, त्याचं काय? मालिका संपून वर्षं झाली, पण मोबाईलवर त्याचे तुकडे मुलं आजही बघतात, म्हणून हा प्रश्न संपलेला नाही.

आमच्यातली एक आई म्हणाली, “इतक्या लहान वयात नको. माझा पोरगा दुसऱ्या दिवशी शाळेत माठाजवळ जायला बिचकायला लागला. ज्या गोष्टीची त्याला कल्पनाही नव्हती ती भीती टीव्हीने त्याच्या मनात घातली.” दुसरी म्हणाली, “आज ना उद्या कुणीतरी त्याला जातीवरून बोलणारच आहे. त्या दिवशी ते पहिल्यांदा ऐकण्यापेक्षा आधी घरात, आपल्या मांडीवर बसून कळलेलं काय वाईट?” दोघींचंही खरं होतं. आणि मग तो प्रश्न निघाला जो प्रत्येक घरात पोरं विचारतात, “आता असं होत नाही ना?” काय सांगायचं? ज्या जिल्ह्यात २०१३ साली सोनईला तीन दलित तरुणांचे खून झाले, २०१४ साली खर्ड्याला सतरा वर्षांच्या शाळकरी मुलाचा जीव गेला, त्या जिल्ह्यातल्या आई-बापांनी पोराच्या डोळ्यांत बघून “नाही होत” असं कसं म्हणायचं? आणि “होतं” म्हणून सोडून द्यायचं, तर पोरानं झोपायचं कसं?

यावर आम्हाला वाट दाखवली ती बाबासाहेबांच्याच लिखाणानं. १९०१ सालचा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. वडिलांना भेटायला निघालेली ती मुलं मसूर स्टेशनवर उतरली. जात कळल्यावर एकही गाडीवान त्यांना गाडीत घ्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं द्यायचं, गाडी मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवानानं बरोबर चालायचं, असं ठरलं. रात्रभर पाण्याचा थेंब मिळाला नाही. हा प्रसंग दोन तऱ्हांनी सांगता येतो. एक, रडवणारं संगीत वाजवून. मग ऐकणारं पोर स्वतःला बिचारं समजायला लागतं. दुसरी तऱ्हा अशी की, दहा वर्षांच्या मुलानं बैलांचा कासरा हातात घेतला, आणि पुढं मोठेपणी ही हकिकत लिहून साऱ्या जगाला विचारलं की हे बरोबर आहे का? दुःख तेच, पण दुसऱ्या तऱ्हेत मुलाच्या हातात कासरा आहे. आम्ही ठरवलं ते असं. सात-आठ वर्षांखालच्या मुलाला असे प्रसंग एकट्याला बघू द्यायचे नाहीत. मोठ्या माणसानं शेजारी बसायचं. आणि नंतर “किती वाईट वाटलं ना?” असं न विचारता, “मग त्यांनी काय केलं?” असं विचारायचं. “आता होतं का?” असं पोरानं विचारलं तर खरं सांगायचं. “कुठं कुठं होतं. पण आता त्याविरुद्ध कायदा आहे, आपण सगळे आहोत, आणि तुला कुणी असं केलं तर पहिल्यांदा आम्हाला येऊन सांगायचं.” वाद यानं पूर्ण मिटला असं नाही. ती पहिली आई अजूनही म्हणते की सहाव्या वर्षी नकोच. तिच्या पोराचा निर्णय तिचा, हेही आम्ही मान्य केलं.

अगदी तान्ह्या मुलांबद्दल मात्र आमच्यात मतभेद राहिले नाहीत. २००३ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषेचे आवाज ऐकवले. काही बाळांपुढे प्रत्यक्ष माणूस बसून बोलला, काहींना तेच टीव्हीवर दाखवलं. माणसापुढची बाळं ते आवाज ओळखायला शिकली. टीव्हीपुढची काहीच शिकली नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाच्या वर नको, त्याहून कमी तर अधिक चांगलं. तेव्हा घास भरवताना बाळापुढे मोबाईल धरणाऱ्या आमच्या ताया-वहिन्यांनो, चिऊ-काऊचा घास जुना झालेला नाही. त्या घासाबरोबर पोटात अन्न जातं आणि कानात भाषा जाते.

मोठ्या मुलांचंही सूत्र हेच आहे. बी कसं रुजतं हा कार्यक्रम एका रविवारी आम्ही मुलांना मोबाईलवरून दाखवला. कार्यक्रम छान होता, पण पोरं पाच मिनिटांत विसरली असती. तिथं बसलेल्या एका आजीनं विचारलं, “आरं, मटकीला मोड येतात तेच का हे?” दुसऱ्या रविवारी पोरांनी फडक्यात बांधलेली मटकी आणली. कुणाचे मोड लांब, कुणाचे आखूड, कुणाची मटकी नासलेली. का नासली यावर अर्धा तास चर्चा झाली! अक्षरओळख नसलेल्या आजीनं जो विज्ञानाचा तास घेतला तो त्या कार्यक्रमाला एकट्याला घेता आला नसता. म्हणून जे पालक म्हणतात, “आम्ही अडाणी, आम्हाला काय कळतं?” त्यांना आमचं सांगणं आहे की शेजारी बसायला पदवी लागत नाही.

शेजारी बसून विचारायचं काय? आम्ही तीन साधे प्रश्न ठरवले आहेत. पहिला, ह्यात कोण बोललं आणि कोण गप्प राहिलं? दुसरा, ह्यात आपल्यासारखं कोण होतं? तिसरा, आता आपण ह्यातलं काय करून बघायचं? ऐकलं म्हणून किंवा ग्रंथात आहे म्हणून मानू नका, स्वतः पडताळून घ्या, असं तथागतांनी कालामांना सांगितलं. मग टीव्हीत दाखवलं म्हणून तरी का मानायचं? हे प्रश्न पोरांच्या अंगवळणी पडले की ती उद्या आपल्यालाही विचारतील. घरात कोण बोलतं आणि कोण गप्प राहतं, असं पोरीनं विचारलं तर बापानं रागावू नये, एवढी तयारी ठेवा.

मोबाईलबद्दल एकच शब्द. टीव्हीवरचा कार्यक्रम संपायचा तरी. मोबाईलवर एक संपलं की दुसरं आपोआप सुरू होतं, आणि चांद्रयानापासून निघालेलं पोर अर्ध्या तासात कुठल्या कुठे पोचतं. शिवाय टीव्ही चार जणांत लागतो, मोबाईल कोपऱ्यात, पांघरुणात बघितला जातो. म्हणूनच विहारात सगळ्यांसमोर लागणारा टीव्ही आम्हाला उलट बरा वाटतो.

तेव्हा समितीच्या प्रस्तावावर आमचं म्हणणं असं. टीव्ही जरूर घ्यावा. पण संच भिंतीवर चढवायच्या आधी त्याच्या शेजारी कोण बसणार याची यादी भिंतीवर लागावी. प्रत्येक रविवारी दोन मोठी माणसं, त्यातली एक तरी स्त्री, आणि आजी-आजोबांना पहिला मान. कार्यक्रम आधी मोठ्यांनी बघावा, मगच मुलांना दाखवावा. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमानंतर अर्धा तास टीव्ही बंद ठेवून बोलणं, चित्र काढणं, करून बघणं. संचावर जितका खर्च होईल त्याच्या निम्म्या रकमेची तरी मुलांची पुस्तकं घ्यावीत. आणि बालचित्रवाणीसारखी, काही न विकणारी, मराठी मुलांची संस्था शासनाने पुन्हा उभी करावी, तिच्यात आपल्या वस्त्यांतली, आपल्या बोलीतली पोरं दिसावीत, असा ठराव आपल्या विहाराने करून पाठवावा. एका विहाराच्या ठरावानं काय होणार, असं म्हणू नका. मिसिसिपीतला निर्णय लोक बोलल्यामुळंच फिरला.

पहिल्या चार रविवारांसाठी आम्ही पालकांनी आपली नावं दिली आहेत. पाचव्या रविवारपासूनची पानं कोरी आहेत. वही दाराशी ठेवली आहे, पेनही ठेवला आहे. ज्यांना सही येत नाही त्यांचं नाव आमची पोरं लिहून घेतील. जाताना थांबून नाव द्यावं, ही विनंती करून आम्ही थांबतो.

जय भीम! नमो बुद्धाय!